वाचनालयाची तावदानं : कराडच्या साइटवरच्या नोंदी

१५ जानेवारी २०२४

आज समितीची बैठक. नव्या वाचनालयाची पश्चिमेची, म्हणजे रस्त्याकडची बाजू पूर्ण काचेची हवी असं सगळ्यांचं म्हणणं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या इमारतींचे फोटो काढून आणले होते. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, रस्त्यावरून जाणाऱ्याला आत बसलेली माणसं वाचताना दिसली पाहिजेत." त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. दहा दिवस मागून घेतले.

भिंत १० मीटर लांब, ४ मीटर उंच. म्हणजे ४० चौरस मीटर काच, थेट मावळतीकडे तोंड करून.

१८ जानेवारी

दुपारी तीन ते सहा जुन्या वाचनालयात बसून राहिले. तिथे पश्चिमेला चारच खिडक्या, साध्या चार मिमी काचेच्या, काहींची लांबी (काच पक्की करायचं पुटीन) निखळलेली. साडेतीनला ऊन वर्तमानपत्रांच्या टेबलावर आलं. एक आजोबा खुर्ची घेऊन भिंतीला गेले, दुसऱ्यांनी पेपर उभा धरून त्याचाच आडोसा केला. साडेचारला टेबल रिकामं. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात तर आम्ही पडद्यांवर गोणपाट लावतो."

जानेवारीतली ही गत. एप्रिलात काय होत असेल?

घरी येऊन हिशेब मांडला. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरलं आणि काच साधी, सहा मिमी, पारदर्शक घेतली, तर तिच्यावर पडलेल्या उष्णतेतली सुमारे ८२ टक्के आत येते. चाळीस चौरस मीटरला जवळजवळ २० किलोवॅट. नुसती ही उष्णता बाहेर काढायला साडेपाच टनांहून जास्त एसी लागेल, माणसं आणि दिवे वेगळे. उष्णता परतवणाऱ्या लो-ई लेपाची चांगली दुहेरी काच लावली आणि ते प्रमाण २७ टक्क्यांवर आणलं, तर साडेसहा किलोवॅट. फरक मोठा आहे, पण डोळ्यांत जाणारं सहाचं ऊन तिथेच राहतं. तिरपं ऊन डोळ्यांत येणार नाही अशी पारदर्शक काच मला माहीत नाही.

२५ जानेवारी

हिशेबाचा कागद बैठकीत सगळ्यांच्या हातात दिला. एका सदस्यांनी आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच सुचवली. दोन अडचणी सांगितल्या. एक, ती ऊन परतवते म्हणजे समोरच्या घरांच्या ओसरीवर टाकते. दुसरी, आरसा नेहमी जास्त उजेडाच्या बाजूला दिसतो. दिवसा बाहेरच्याला स्वतःचंच तोंड दिसेल, आतले वाचक दिसणारच नाहीत. रात्री दिवे लागले की आतल्याला बाहेरचं काही दिसणार नाही. म्हणजे अध्यक्षांना जे हवं होतं, तेच या काचेने हुकतं.

तासभर बोलणं झालं. ठरलं ते असं : पश्चिमेला आठ फुटी पडवी, पडवीच्या बाहेरच्या अंगाला विटांची जाळी, कारण नुसत्या पडवीखालून संध्याकाळचं ऊन सरळ आत शिरतं. आतल्या भिंतीत काचेच्या विटांचा उभा पट्टा. मोठ्या खिडक्या सगळ्या उत्तरेला. आणि रस्त्याच्या लोकांना वाचक दिसावेत म्हणून पडवीतच वर्तमानपत्रांचे बाक. अध्यक्षांना ही शेवटची गोष्ट फार आवडली. मलाही.

१२ फेब्रुवारी

काचेचा तक्ता करायला बसले. माझी पद्धत अशी की प्रत्येक तावदानापुढे पहिला रकाना 'फुटली तर काय' हा. किंमत, रंग, जाडी त्यानंतर. पहिल्या नोकरीत एका शाळेच्या दारात साधी पाच मिमी काच बसवलेली होती. धावत आलेल्या मुलाचा हात त्यातून आरपार गेला. कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले. ती काच मी निवडलेली नव्हती, पण तपासणीच्या कागदावर माझी सही होती. साधी काच सुऱ्यांसारख्या लांब पात्यांत फुटते, हे तोवर मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

म्हणून दारं, दारांच्या शेजारची पॅनल, जमिनीलगतची प्रत्येक काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार केलेली, कणखर. भारतीय मानक आयएस १६२३१ चा चौथा भाग माणसाच्या धडकेबद्दलच आहे, तो ठेकेदाराच्या फाइलला लावला. प्रत्येक टफन तावदानाच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का दिसला पाहिजे, नसेल तर माल परत. मोठ्या दाराच्या काचेवर दोन उंचींवर पट्ट्या, एक मोठ्यांच्या नजरेला, एक मुलांच्या.

वरच्या मजल्याच्या कठड्याला आणि छताच्या झरोक्याला टफन पुरत नाही. टफन काच फुटली की बारीक चौकोनी खडे होतात, ते कापत नाहीत, पण जागेवरही राहत नाहीत. डोक्यावरची काच फुटून जागेवरच राहायला हवी. तिथे लॅमिनेटेड : दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा पडदा, ०.३८ मिमीच्या पटीत. कठड्याला मी दोन टफन काचा आणि मध्ये १.५२ मिमी पडदा धरला.

ठेकेदाराने झरोक्याला जाळीची काच सुचवली, आत तार असलेली. लोकांना ती मजबूत वाटते. खरं तर तारेमुळे ती त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा कमजोर असते, आणि फुटल्यावर तारांची टोकं बाहेर येतात. आगीत तुकडे धरून ठेवायला ती पूर्वी वापरत. जिन्याच्या दाराच्या झडपेला मात्र अग्निरोधक काचच घेतली. टफन काच आगीत टिकत नाही, हे तिथे ठळक लिहून ठेवलं.

१४ फेब्रुवारी

दुहेरी काच, म्हणजे डीजीयू, कुठे? समितीला 'सगळीकडे' हवी. मी दोनच जागी धरली : हस्तलिखितांची खोली आणि वरची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका. या दोन्ही खोल्या बंद आणि वातानुकूलित. सहा मिमी काच एकेरी असेल तर उष्णता वाहण्याचा यू-आकडा ५.७ च्या आसपास. ६-१२-६ च्या (काच, पोकळी, काच, मिमीत) दुहेरीत तो २.८ वर येतो, लो-ई लेप असेल तर दोनच्याही खाली. पण मोठ्या दालनात पंखे आहेत आणि खिडक्या दिवसभर उघड्या राहणार. उघड्या खिडकीत दुहेरी काच लावणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून फटीत कापूस कोंबणं. ते पैसे छज्जांना वापरा म्हटलं.

अभ्यासिकेची खोली रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, एसटीचे हॉर्न थेट आत येतात. तिथे बाहेर ६ मिमी, मध्ये १२ मिमी पोकळी, आत ८.७६ लॅमिनेटेड (चार, पडदा, चार). दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की दोघी एकाच सुराला थरथरतात आणि तो सूर आत सोडतात. जाड्या वेगळ्या ठेवल्या, एकीत मऊ पडदा घातला, की आवाज दबतो. लो-ई लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पृष्ठावर. आपल्याकडे उष्णता बाहेरच्या बाहेर थोपवायची असते, म्हणून तो तिथे.

पीव्हीबीचा आणखी एक फायदा वाचनालयाला होतो. ९९ टक्क्यांहून जास्त अतिनील किरण तो अडवतो. पुस्तकांच्या कपाटांसमोरच्या खिडक्या त्यासाठीच लॅमिनेटेड केल्या. पुस्तकांचे कणे दिसणाऱ्या उजेडानेही विटतात, त्यामुळे कपाटं खिडकीला काटकोनात.

१९ मार्च

पुण्याजवळ टफनिंगच्या कारखान्यात. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायला मिळालं. काच रुळांवरून आत जाते, ६२० अंशांच्या पुढे तापते, लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत. वरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसत त्याला ओढून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, आणि काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची होते. त्याच ताणामुळे ती एकदा फुटली की सगळीच फुटते.

एकदा टफन झालेल्या काचेला हिऱ्याने कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. म्हणून भट्टीत जाण्यापूर्वी प्रत्येक काच नकाशाशी ताडून पाहायला मी गेले होते. मुख्य दाराच्या एका काचेतली कुलपाची खाच उलट्या बाजूला कापलेली सापडली. भट्टीनंतर सापडली असती तर १२ मिमीचं ७२ किलोचं तावदान भंगारात गेलं असतं. (हिशेब सोपा : दर मिमी जाडीला चौरस मीटरला अडीच किलो.)

सोबतच्या नव्या मुलीला पोलराइज्ड गॉगल लावून तयार काचा बघायला सांगितल्या. फिकट ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तेव्हा ती चकित झाली. हवेचे झोत जिथे बसले त्या जागा. साइटवर टफन काच ओळखायची ही एक खूण. मग आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली कच्च्या काचेची 'टिन साइड' दाखवली, ती बाजू धुरकट चमकते. फ्लोट काच वितळलेल्या कथलाच्या तळ्यावर तरंगत सपाट होते, त्या तळ्याचा स्पर्श ती कायम वागवते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये ही रीत जाहीर केली. त्याआधी एवढी मोठी सपाट काच हवी तर दोन्ही बाजू घासून, पॉलिश करून मिळवावी लागे.

हीट सोकचा विषय काढला. काचेत निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण राहिला तर तो टफन झाल्यावर हळूहळू फुगतो, आणि महिन्यांनी, वर्षांनी काच कुणी न शिवता फुटते. टफन काचा पुन्हा २९० अंशांच्या आसपास काही तास तापवून अशा काचा कारखान्यातच फोडून घेतात. दारं, पॅनल आणि कठडा, तिन्हींना मागितलं. खर्च वाढला म्हणून समितीची कुरकुर होईल, ती मी ऐकून घेईन.

६ एप्रिल

ओगलेवाडीहून येताना ग्रंथपाल ताईंनी जुना प्रभाकर कंदील आणला, त्यांच्या सासऱ्यांचा. काच शाबूत. तिथे, कराडजवळच, १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, त्यांचे कंदील गावोगाव गेले. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता, लोकांनी एकेक पैसा टाकून. कराडच्या वाचनालयात काचेची इतकी चर्चा चालू असताना हा कंदील कपाटात नको वाटला. प्रवेशाजवळच्या कोनाड्यात ठेवायचा ठरलं. कोनाड्याला साधी काच नको, लॅमिनेटेड लावू.

९ मे

शून्य सावलीचे दिवस. साडेबाराला अंगणात काठी रोवली, सावली काठीच्या बुडाशी गडप. आजपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कराडला भर दुपारी सूर्य उत्तरेकडून जाणार.

'उत्तरेला ऊन नसतं' हे आपण कॉलेजात पाठ करतो. ते वरच्या अक्षांशांवरच्या गावांचं, आणि तेही दुपारपुरतं, सत्य. दुपारचं ऊन इथे इतकं उभं असतं की दीड फुटी छज्जा पुरतो. खरा त्रास सकाळ-संध्याकाळचा. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, तेव्हा तो उत्तरेच्या भिंतीला घासून आत येतो. छज्ज्याला हे तिरपं ऊन अडत नाही. उभ्या फळ्या लागतात. नकाशात होत्या, खर्च वाचवायला ठेकेदार त्या गाळू म्हणत होता. त्याला संध्याकाळी सहाला साइटवर बोलावलं आणि उत्तरेच्या उघड्या चौकटीत उभं केलं. काही बोलावं लागलं नाही. फळ्या राहिल्या.

११ जून

आजचा दिवस वाईट. अभ्यासिकेच्या खिडक्या बसवून झाल्या होत्या. शेजारीच जिन्याच्या लोखंडी कठड्यावर ग्राइंडर चालवला आणि ठिणग्या तीन काचांवर उडाल्या. तापलेले लोखंडाचे कण काचेत रुततात. लांबून धूळ वाटते, पुसून जात नाहीत, पावसात गंजतात. तीनही काचा बदलाव्या लागणार. नियम लिहून भिंतीवर लावला : काच बसली की त्या खोलीत वेल्डिंग, ग्राइंडिंग बंद, किंवा ओली ताडपत्री.

दुसरं, प्लॅस्टरचं पाणी. सिमेंटचं ओलं पाणी काचेवर सुकलं की अल्कलीने काच खाल्ली जाते आणि पांढरट ओघळ कायमचे राहतात. मिस्त्रींना वाटतं अ‍ॅसिडने निघेल. निघत नाही. त्याच तासाला साध्या पाण्याने धुवा, एवढंच.

१४ जून

पावसाळी साठवणीबद्दल फोरमन काकांशी बोलले. काचा घोडीवर उभ्या, किंचित तिरप्या, खाली रबर, मध्ये कागद. चिकटून ठेवलेल्या काचांच्या फटीत पाणी शिरलं की तेलाच्या तवंगासारखे रंग उमटतात. काका तीस वर्षं काच बसवतात. म्हणाले, "ताई, काचेला ऊन चालतं, कोंडलेली ओल चालत नाही." डीजीयूचंही तेच. चौकटीच्या खाली पाणी जायची भोकं बुजली की कडेचं सील ओलीत बसून राहतं, आतली वाफ शोषणारी पूड संपते, मग दोन काचांच्या मध्ये कायमचं धुकं. काकांनी प्रत्येक चौकटीची भोकं काडीने तपासली. मी मागे टिकमार्क करत गेले.

३ जुलै

काचेच्या विटा लागल्या. १९० × १९० × ८० मिमी. विटेचे दोन अर्धे भाग तापलेले असताना जोडतात, आतली हवा निवली की विरळ होते. म्हणून आवाज कमी, उष्णताही कमी. पण वीट असली तरी तिने भार घ्यायचा नाही. वरच्या तुळईखाली आणि दोन्ही अंगांना फट सोडली, सांध्यांत बारीक सळ्या घातल्या. गवंडी दादांना फट सोडणं पटत नव्हतं, त्यांना भिंत घट्टच हवी. शेवटी गंमत म्हणून एक वीट फोडून दाखवली, तेव्हा पटलं.

संध्याकाळी ढगांतून थोडं ऊन आलं. जाळीतून, पडवीतून, मग विटांतून. आत पोचेपर्यंत त्याचा नुसता उजेड उरला होता. भिंतीजवळ पेपर धरून वाचून पाहिला. डोळे मिटावे लागले नाहीत.

२२ जुलै

सकाळी वॉचमनचा फोन, "मॅडम, वरच्या कठड्याची एक काच तडकली, रात्री मोठा आवाज झाला."

गेले. मधलं तावदान. दोन थरांपैकी एकाच थराचे खडे झाले होते, पण पडद्याला चिकटून सगळे जागेवर. खाली एकही खडा नाही. तडे एका बिंदूतून निघालेले, आणि त्या बिंदूपाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे. निकेल सल्फाइडची ती ओळख. लॅमिनेटेड नसती तर खडे खाली पडले असते आणि हे फुलपाखरू कुणाला दिसलंच नसतं.

कागद पाहिले. दारांच्या आणि पॅनलच्या काचांसोबत हीट सोकचा तापमान-आलेख आहे. कठड्याच्या काचांसोबत नाही. मागितलं होतं, पैसेही दिले होते. पुरवठादाराने चूक मान्य केली. कठड्याची सगळी तावदानं परत, नवी आलेखासह. माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली : माल उतरवताना शिक्के तपासले, आलेख तपासला नाही. तक्त्यात रकाना वाढवला.

आणखी एक बदल. दोन्ही थर टफन असतील आणि दोन्ही फुटले, तर तावदान ओल्या चादरीसारखं लोंबतं. म्हणून नव्या काचांत एक थर हीट-स्ट्रेन्ग्थन्ड घेतला. तो साध्याच्या दुप्पट ताकदीचा असतो आणि मोठ्या तुकड्यांत फुटतो, त्यामुळे फुटल्यावरही उभा राहतो. वरून सलग हातकठडा आहेच.

२९ ऑगस्ट

पूर्वेच्या खिडकीसमोर वड आहे. काच लागल्यापासून दोन मुनिया धडकून मेल्या. काचेत वडाचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ दिसतं की पाखराला तिथे झाडच आहे असं वाटतं. बाहेरच्या अंगाला पाच-पाच सेंटीमीटरवर पांढऱ्या उभ्या रेघा मारून घेतल्या. एखादा पक्ष्याचा स्टिकर पुरत नाही, पाखरं त्याला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या जागेत घुसतात. हे आधी सुचलं असतं तर रेघा भट्टीतच काचेत भाजून घेता आल्या असत्या. पुढच्या प्रत्येक कामात झाडासमोरच्या खिडकीपुढे हे लिहीन.

१९ ऑक्टोबर

ग्रंथपाल ताईंना 'काचेची वही' दिली. प्रत्येक तावदानाचा क्रमांक, जाडी, प्रकार, लेप कुठल्या पृष्ठावर, मागवताना काय लिहायचं. दहा वर्षांनी दाराची काच फुटेल, कुणीतरी बाजारातून स्वस्तातली पाच मिमी साधी आणून बसवेल, याची मला सगळ्यात जास्त भीती आहे. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं : दारात साधी काच कधीही नाही. दुसरी सूचना, उन्हातल्या काचेवर नोटिसा चिकटवू नका. कागदाखालची काच तापते, चौकटीतली कड गार राहते, आणि साधी काच त्या फरकाने तडकते. नोटिसांसाठी फळा आहे.

सुट्या चार काचा कोठारात घोडीवर, तिरप्या, कागद घालून ठेवल्या. ताईंनी प्रत्येकीवर खडूने क्रमांक घातला.

बालविभागाच्या झरोक्याखाली थोडा वेळ थांबले. आजीच्या घरी पाटणला माजघरावर एक काचेचं कौल होतं. त्याचा कवडसा जात्यापाशी आला की ती जेवायला हाक मारायची. हा झरोका मी त्या आठवणीपोटी नकाशात घातला होता, समितीला कारण उजेडाचं सांगितलं होतं. आज १२ वाजून २० मिनिटांनी कवडसा गोष्टींच्या कपाटापासून चार फुटांवर होता. डिसेंबरात सूर्य आणखी दक्षिणेला गेला की तो तेवढाच उत्तरेला सरकेल आणि बरोबर खालच्या दोन फळ्यांवर पडेल. सुतारांना कपाट पूर्वेच्या भिंतीला न्यायला सांगितलं आहे.